मजूसांच्या यझदमध्ये

हजरत सलमान फारसी (रजि.) यांची हकीकत आपल्या घरांत लहानपणीच कानावर पडते. सत्याच्या शोधात घर सोडलेला, वाटेत गुलाम म्हणून विकला गेलेला, अखेर मदीनेत प्रेषितांपर्यंत (स.) पोहोचून ईमान आणणारा आणि पुढे शहराभोवती खंदक खणण्याची युक्ती सुचवणारा हा इराणी माणूस. त्यांच्या हकीकतीचा पहिला भाग मात्र आपण घाईने उरकतो. ते इस्फहानजवळच्या जय्य गावचे. वडील गावचे प्रमुख, धर्माने मजूसी. घरच्या आगीची राखण मुलाकडे होती आणि ती क्षणभरही विझू द्यायची नाही, हे त्याचे काम. ती आग कसली आणि ती का विझू द्यायची नाही, हे आपण विचारत नाही. 'आधी ते आतशपरस्त होते' एवढे सांगून पुढे जातो.

इस्फहान पाहून झाल्यावर आम्ही दोघे यझदला गेलो ते याच प्रश्नापायी. मजूसी, म्हणजे जरथुष्ट्री, लोक आजही जिथे आपल्या गल्ल्यांत, आपल्या जुन्या बोलीत राहतात, त्या मोजक्या ठिकाणांत यझद येते. इस्फहानहून साधारण तीनशे किलोमीटर, बसने पाचेक तास. मार्चचा तिसरा आठवडा होता, नवरोज तोंडावर आलेला.

यझद वाळवंटाच्या कडेचे मातीच्या रंगाचे शहर आहे. घरांवर उंच बादगीर, म्हणजे वारा पकडून खालच्या खोलीत सोडणारे मनोरे. पाणी कितीतरी कोसांवरच्या डोंगरातून जमिनीखालच्या कनातींनी आणलेले. जामा मशिदीचे जोडमिनार लांबूनच दिसतात. २०१७ साली युनेस्कोने जुन्या यझदला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. पण हे सगळे प्रवासाच्या पुस्तकांत मिळते. आमचे पाय आतशकद्याकडे ओढ घेत होते.

मुंबईत चार आतश बेहराम आहेत. त्यांच्या दारावरून आम्ही अनेकदा गेलो आहोत, पण पारशी नसलेल्याला आत प्रवेश नाही. यझदला तसे नाही. तिकीट काढून कोणीही जातो. बाग, बागेत गोल हौद, हौदात उलटी पडलेली इमारतीची सावली. दर्शनी भागावर पंख पसरलेली फरवहरची आकृती. आत काचेपलीकडे एका मोठ्या धातूच्या पात्रात लाकडे जळत होती. एवढेच. मूर्ती नाही, फुले नाहीत, घंटानाद नाही. तोंडावर पांढरे कापड बांधलेला सेवक अधूनमधून लाकूड ठेवतो. श्वास किंवा थुंकीचा शिंतोडा आगीवर पडू नये म्हणून ते कापड. ही आग इ. स. ४७० च्या सुमारापासून न विझता आलेली आहे, असे तिथे सांगतात. संकटाच्या काळात ती अकदा, मग अर्दकान अशी गावे फिरली आणि १४७४ मध्ये यझदला आली, अशी परंपरा. सध्याची इमारत मात्र १९३४ ची आणि तिच्यासाठी पैसा मुंबईच्या पारशांनी पाठवलेला. म्हणून तर ती पाहताना मुंबईच्या एखाद्या जुन्या पारशी इमारतीची आठवण होते.

तिथल्या एका वयस्क गृहस्थांना आम्ही मोडक्यातोडक्या फारसीत विचारले, "आगा, तुम्ही आगीची पूजा करता का?" हा प्रश्न त्यांना रोज दहा वेळा येत असावा. ते हसले आणि म्हणाले, "तुम्ही काब्याकडे तोंड करून नमाज पढता. काब्याच्या दगडांची पूजा करता का?"

उत्तर चोख होते. आम्ही त्यावर दोन दिवस बोलत राहिलो आणि आमचे मत असे झाले की ते अर्धे पटण्यासारखे आहे. त्यांचा देव एक, अहुर मझ्द. नावाचाच अर्थ ज्ञानी स्वामी. सृष्टी त्याने निर्माण केली, प्रकाश ही त्याची खूण आणि प्रार्थना प्रकाशाकडे तोंड करून करायची. सूर्य असेल तर सूर्याकडे, दिवा असेल तर दिव्याकडे. इथवर त्या गृहस्थांचे म्हणणे खरे. पण त्यांच्या यस्न या ग्रंथात आगीला अहुर मझ्दचा पुत्र म्हणून हाक मारली आहे, मिथ्र, अनाहिता अशा पूजनीय शक्तींची स्तोत्रे आहेत, आणि वाईटाचा उगम अंग्र मैन्यू या वेगळ्या, विरोधी शक्तीकडे दिला आहे. तौहीद मानणाऱ्याला हे मान्य होणार नाही आणि तसे स्पष्ट सांगायला हरकत नाही. मात्र 'हे आगीला देव मानतात' हे वाक्यही खोटेच राहते. मतभेद असावा तो खऱ्या गोष्टीवर असावा.

आपल्या धर्मग्रंथांनी या लोकांना कुठे ठेवले आहे, हेही आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. कुरआनात सूरह हजच्या सतराव्या आयतीत मजूसांचे नाव येते. ईमानवाले, यहुदी, साबिई, ख्रिस्ती, मजूस आणि शिर्क करणारे, या सर्वांमधला निवाडा कयामतच्या दिवशी अल्लाह करील, असा त्या आयतीचा आशय. सहीह बुखारीत नोंद आहे की हजरत उमर (रजि.) मजूसांकडून जिझिया घेत नव्हते. प्रेषितांनी (स.) हजरच्या मजूसांकडून तो घेतला होता, अशी साक्ष हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी दिली तेव्हा त्यांनी तो स्वीकारला. जिझिया स्वीकारणे म्हणजे जीव, मालमत्ता आणि प्रार्थनास्थळ यांची हमी देणे. त्यांच्या हातचा जबीहा आणि त्यांच्याशी निकाह याबाबत फकीहांनी वेगळे निर्णय दिले, तो भाग निराळा. शेजारी म्हणून राहण्याचा हक्क त्यांना पहिल्या पिढीतच मिळाला होता.

यझद या नावापाशीही आम्ही बराच वेळ रेंगाळलो. अवेस्ताच्या भाषेत 'यझत' म्हणजे पूजनीय. संस्कृतात तोच शब्द 'यजत'. 'यस्न' म्हणजे 'यज्ञ'. त्याच यस्नपासून फारसीत 'जश्न' झाला आणि आपण जश्ने-ईदे-मिलाद म्हणू लागलो. उर्दू शायरीत देवासाठी येणारा 'यझदान' याच घरातला.

नंतर तर जो शब्द उचलावा त्याला नातेवाईक निघू लागले. अरबी शब्द सलात. आपण म्हणतो नमाज. हा इराणी शब्द आहे, इस्लामच्या आधीचा, आणि तो संस्कृतातल्या 'नमस्'चा सख्खा भाऊ. म्हणजे शेजारचे काका 'नमस्कार' म्हणतात आणि आपण 'नमाजला चाललो' म्हणतो, तेव्हा दोघांच्या तोंडी एकच मूळ असते. फरिश्ता म्हणजे पाठवलेला. मराठीत आपण पैगंबरांना 'प्रेषित' म्हणतो, त्याचाही अर्थ पाठवलेला, आणि दोन्ही शब्दांची घडण एकच. बहिश्त हा मुळात 'वहिश्त', सर्वोत्तम. संस्कृतात तोच 'वसिष्ठ'. कुरआनात आलेला फिर्दौस शब्दही भाषातज्ज्ञांच्या मते प्राचीन इराणी 'पइरिदएझ', म्हणजे भिंतीने वेढलेली बाग, इथून निघाला. रोजा शब्दात 'रोज' आहे, दिवस.

या दोन भाषांत 'स'चा 'ह' होतो, एवढे ध्यानात ठेवले की पुष्कळ कुलपे उघडतात. सप्तसिंधूचे हप्त हिंदू, सोमाचे हओम, असुराचे अहुर. आपल्या मराठीत तर सप्ताह आणि हप्ता दोन्ही सुखाने नांदतात. एक देवळात बसतो, दुसरा सावकाराकडे! जरथुष्ट्री लोकांची तीन आज्ञांची शिकवण आहे: हुमत, हूख्त, हुवर्श्त. चांगला विचार, चांगले बोलणे, चांगले काम. पहिल्या दोन शब्दांत 'सुमत' आणि 'सूक्त' ओळखू येतात.

हे असे का, याचा उलगडा अठराव्या शतकात होऊ लागला. आंकतील द्युपेरों हा फ्रेंच तरुण सुरतेला येऊन पारशी दस्तुरांकडून अवेस्ता शिकला आणि १७७१ मध्ये त्याने फ्रेंच भाषांतर छापले. १७८६ मध्ये कलकत्त्याला विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक, लॅटिन एका उगमाच्या असाव्यात असे मांडले आणि फारसीही त्याच कुळात जोडली. आज या कुळाला इंडो-युरोपीय म्हणतात. त्यातली भारतीय आणि इराणी शाखा बराच काळ एकत्र होती. मित्र, वरुण, इंद्र, नासत्य ही नावे इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातल्या, आजच्या सीरियाच्या भागातल्या मितन्नी राजाच्या तहात सापडतात. जरथुष्ट्रांचा काळ नक्की ठरत नाही. पण त्यांच्या गाथांची भाषा ऋग्वेदाच्या इतकी जवळ आहे की बहुतेक अभ्यासक त्यांना इसवी सनापूर्वी १५०० ते १००० च्या दरम्यान ठेवतात.

मग एका घरात वाटणी व्हावी तसे झाले. इराणमध्ये 'अहुर' परमेश्वर झाला आणि 'दएव' सैतानाच्या बाजूला गेला. गोष्टींतला देव (राक्षस या अर्थाचा फारसी 'दीव') तो हाच. भारतात उलटे झाले, देव वर गेले आणि असुर खाली. ऋग्वेदाच्या जुन्या भागात मात्र वरुणालाही मानाने असुर म्हटलेले आहे. आग दोघांनीही ठेवली. इकडे घरचा अग्निहोत्र, तिकडे आतशकदा. दूर रोममध्ये वेस्ता देवीची आगही कुमारिका कित्येक शतके जागवत राहिल्या. चुलीतली आग विझली तर शेजारून मागून आणावी लागे, अशा काळातली ही माणसे होती. त्यांना ती पवित्र वाटली यात नवल नाही.

जरथुष्ट्री मुलामुलींना वयात येण्याआधी सुद्रे आणि कुस्ती देतात. कुस्ती म्हणजे लोकरीच्या ७२ धाग्यांची दोरी, कमरेला तीन वेढे देऊन बांधायची. यस्नाचे अध्यायही ७२. जानव्याची आठवण येते, फक्त इथे मुलीही समान हक्काने बांधतात. दिवसाचे पाच 'गाह' आहेत आणि प्रत्येकाची प्रार्थना ठरलेली. प्रार्थनेआधी तोंड, हात, पाय धुवायचे. मरणानंतर चिनवत पूल ओलांडायचा. हे ऐकताना आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. पाच वेळच्या नमाजचा हुकूम मेराजच्या रात्रीचा, ही आमची श्रद्धा. तिला या साम्यामुळे धक्का बसत नाही. पण हजरत सलमान यांना मदीनेत पाच वेळचे नियम आणि वुजू फार परके वाटले नसतील, एवढे मनात आलेच.

सणांच्या दिवसांत शहर पाहायला मिळाले, हे आमचे भाग्य. बाजारात ताटल्यांत उगवलेले गव्हाचे हिरवे कोंब, काचेच्या भांड्यांत लाल मासे, लसूण, सफरचंदे, सुमाक, सिरका यांचे ढीग. हे सगळे हफ्त-सीनसाठी, 'सीन' अक्षराने सुरू होणाऱ्या सात वस्तूंच्या सजावटीसाठी. (हफ्त म्हणजे सप्त, आता सांगायला नकोच.) नवरोज दिवस-रात्र समान होण्याच्या क्षणी लागतो, २० किंवा २१ मार्चला, आणि तो इराणमधले मुस्लिम व जरथुष्ट्री दोघेही पाळतात. मुस्लिम घरांत त्या सुफऱ्यावर कुरआन ठेवलेला असतो आणि वर्ष पालटण्याच्या घटकेला मने व नजरा फिरवणाऱ्या अल्लाहकडे अरबीत दुआ मागतात. जरथुष्ट्री घरात त्याच जागी अवेस्ता. अल-बेरूनीने इ. स. १००० च्या सुमारास 'आसारुल बाकिया'त इराणी सणांची तपशीलवार नोंद केली, त्यात नवरोज आहे, मेहरगान आहे, सदेही आहे.

सदे ३० जानेवारीच्या सुमारास येतो. ऐन थंडीत मोठी आग पेटवतात. मेहरगान ऑक्टोबरचा, मिथ्रच्या नावाचा, म्हणजे आपल्याकडच्या वैदिक मित्राचा. त्याखेरीज वर्षात सहा गाहंबार, ऋतूंचे सण. त्यांत प्रार्थनेनंतर 'लोर्क' वाटतात, सुक्या मेव्याचे मिश्रण, श्रीमंत-गरीब सर्वांना सारखे. 'सिरोग' नावाची तेलात तळलेली पोळीही असते. आम्ही चाखली. थेट आपल्या पुरीची बहीण.

पण सर्वांत जीव लावणारा काळ वर्षाच्या शेवटचा. गेलेल्यांचे फ्रवशी, म्हणजे आत्मे, या दिवसांत घरी येतात असे ते मानतात. घर धुऊन-पुसून ठेवायचे, दिवा लावायचा, फळे-फुले मांडायची. यझदच्या खेड्यांत नवरोजच्या पहाटे छपरांवर आग पेटवून त्यांना निरोप देण्याची रीत. मुंबईचे पारशी यालाच मुक्ताद म्हणतात. हिंदूंचा पितृपक्ष आठवतो आणि तो खरेच त्याच जुन्या घरातला असावा. मेरी बॉइस या इंग्रज विदुषी १९६३-६४ मध्ये अर्दकानजवळच्या शरीफाबाद गावी राहिल्या आणि १९७७ मध्ये त्यांनी त्या गावच्या चालीरीतींवर पुस्तक काढले, त्यात हे सारे बारकाईने आले आहे.

मुंबईत नवे वर्ष ऑगस्टमध्ये का, असे कोणी विचारील. जुन्या ३६५ दिवसांच्या पंचांगात लीप वर्षाची भर पडली नाही, म्हणून ते हळूहळू मागे सरकत गेले. आणि आपण ज्याला सर्रास 'पतेती' म्हणून शुभेच्छा देतो तो खरा वर्षाचा अखेरचा दिवस, 'पतेत'चा, म्हणजे तौबेचा. शुभेच्छा द्यायच्या त्या दुसऱ्या दिवशी.

आता जे लिहायचे ते लिहिताना हात थोडा अडखळतो. यझदच्या जरथुष्ट्री मोहल्ल्यात घरांच्या भिंती उंच आणि दारे बुटकी आहेत. कारण जुने आहे. सासानी राज्य सातव्या शतकात कोसळले, शेवटचा राजा यझदेगर्द तिसरा ६५१ मध्ये मर्वजवळ मारला गेला. पुढच्या शतकांत कधी बरे, कधी वाईट दिवस आले. पण काजार राजवटीत, म्हणजे अगदी एकोणिसाव्या शतकापर्यंत, या लोकांनी ठराविक रंगाचेच कपडे घालावेत, गावात घोड्यावर बसू नये, पावसात बाहेर पडू नये (ओल्या अंगाने दुसरा विटाळेल म्हणून!) अशी बंधने होती. जिझिया वसूल करताना होणारी मारहाण वेगळी. ज्या कराचा मूळ अर्थ संरक्षण, त्याचा हा हाल आपल्याच लोकांनी केला. विटाळ हा शब्द महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

१८५४ मध्ये मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हातारिया यांना इराणला पाठवले. त्यांनी गणती केली तेव्हा यझद, केरमान, तेहरान मिळून साडेसात हजारांच्या आसपासच जरथुष्ट्री उरले होते. या माणसाने शाळा काढल्या, आतशकदे दुरुस्त केले, गरीब मुलींची लग्ने लावून दिली आणि जवळजवळ तीस वर्षे दरबाराचे उंबरे झिजवले. १८८२ मध्ये नासिरुद्दीन शाहने जिझिया रद्द केला. याच काळात आणि पुढेही यझद-केरमानकडची माणसे मुंबई-पुण्याला आली. आपण ज्यांच्याकडे ब्रुन मस्का आणि चहा घेतला ते 'इराणी' हेच. त्यांत यझदचे काही मुस्लिमही होते, आणि डोंगरीची मुघल मशीद ज्या समाजाची तो इराणी मुस्लिमांचा.

आज इराणच्या घटनेत जरथुष्ट्री मान्यताप्राप्त अल्पसंख्य आहेत, मजलिसमध्ये त्यांची एक जागा आहे. तरी २०१७ मध्ये यझदच्या नगरपरिषदेवर निवडून आलेल्या जरथुष्ट्री सदस्याला, मुस्लिमबहुल शहरात बिगरमुस्लिमाने प्रतिनिधी होऊ नये या कारणाने निलंबित केले गेले. त्याला मते देणाऱ्यांत मुस्लिमच जास्त होते आणि त्यांनी आवाज उठवला. २०१८ मध्ये तो परत आपल्या जागेवर बसला. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत पारशी ५७,२६४ भरले. एखाद्या तालुक्याच्या गावाएवढे.

शेवटच्या दिवशी चकचकला गेलो. यझदहून सत्तरेक किलोमीटर, उघड्या-बोडक्या डोंगराच्या कड्यावर, बऱ्याच पायऱ्या चढून. खडकातून थेंब थेंब पाणी ठिबकते, त्या आवाजावरून गावाला चकचक नाव. कड्याला बिलगून एक जुना चिनार. जरथुष्ट्रींसाठी हे पीर-ए-सब्ज. हो, पीरच म्हणतात! दरवर्षी जूनच्या मध्यावर इराणभरातून, मुंबईहूनही, यात्रेकरू येतात. दंतकथा अशी की यझदेगर्दची मुलगी निकबानू अरब फौजेपासून पळत इथे आली, तिने डोंगराला साद घातली, डोंगर दुभंगला आणि तिला पोटात घेतले. तिच्यासाठी खडक अजून रडतो.

खाली उतरताना आमच्या टॅक्सीचालकाने, तो मुस्लिम होता, सांगितले की अशीच एक जागा तेहरानजवळ रय इथे आहे. तिथे बीबी शहरबानूची जियारतगाह आहे. तीही यझदेगर्दचीच मुलगी, हजरत इमाम हुसैन (रजि.) यांची पत्नी आणि इमाम झैनुल आबिदीन यांची आई, असे शिया परंपरा मानते. करबलानंतर ती शत्रूंपासून पळत आली आणि डोंगराने तिलाही पोटात घेतले. इतिहासकार दोन्ही कथा जशाच्या तशा स्वीकारत नाहीत, रयची जागा मुळात अनाहिताची असावी असेही काहींचे म्हणणे. टॅक्सीचालकाला त्याचे काही नव्हते. "दोन बहिणी," तो म्हणाला, "एक त्यांची, एक आमची." आणि त्याने पायथ्याशी बाटलीत भरून घेतलेले चकचकचे पाणी आमच्यापुढे धरले. आम्ही बिस्मिल्लाह म्हणून प्यालो. थंड होते, आणि किंचित मचूळ.